कास्टिंग गळलं, आता भुर्दंड कोणाचा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला पंप बनवणारा एक लहान कारखाना डोळ्यांपुढे आणा. मालक मराठी. आधी मोठ्या कंपनीत नोकरी आणि मग स्वतःची शेड, हा इथल्या कित्येकांचा रस्ता. त्याने कोल्हापूरच्या एका फाउंड्रीला (ओतकामाच्या कारखान्याला) पंपाच्या बॉडीसाठी २०० नग कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागांची, ऑर्डर दिली, नगाला ४,००० रुपये. ट्रक आला, चलनावरून नग मोजले, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाली. वरून पाहता माल स्वच्छ. मग मशीनिंग, म्हणजे मशीनवर तासून मापात आणणं, झालं, त्याचा खर्च नगामागे २,५००. शेवटी हायड्रो, म्हणजे बॉडीत पाणी भरून दाब चढवायचा आणि कुठे पाझरतंय का ते बघायचं. ६० बॉड्या पाझरल्या. धातूत आतल्या आत ब्लो होल (वायूच्या पोकळ्या) राहिले होते.

यानंतर फाउंड्रीशी फोनवर होणारं बोलणं जवळजवळ ठरलेलं असतं. "साठ नग परत पाठवा, बदलून देतो." "आणि मशीनिंगचे पैसे?" "ते आमच्याकडे नसतं, साहेब. अख्ख्या लाइनीत कुणीच देत नाही." तोवर ज्याला पंप जायचे होते त्या ग्राहकाने उशिराबद्दल बिलातून दोन लाख कापलेले असतात. म्हणजे एका दोषाचे तीन थर झाले: कास्टिंगची किंमत २,४०,०००, वाया गेलेलं मशीनिंग १,५०,००० आणि ग्राहकाने कापलेले २,००,०००. पहिल्या थरावरून भांडण क्वचित होतं. दुसऱ्यावर आवाज चढतात. तिसऱ्याचं नाव काढलं की फोन ठेवला जातो.

अशा वेळी कारखान्याची सगळी ताकद माल खराब होता हे दाखवण्यात खर्च होते. ते दाखवावं लागतंच. पण माझ्या मते निकाल बहुतेक वेळा तिथे लागत नाही. तो दोन गोष्टींवर लागतो. ऑर्डर देताना विकणाऱ्याला काय सांगितलं होतं, आणि माल आल्यावर तक्रार कधी व कशी सांगितली. आधीचं बोलणं आणि नंतरचं बोलणं.

आधीच्या बोलण्यापासून सुरुवात करू. मालविक्रीचा आपला कायदा १९३० चा. तो इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला आहे, म्हणून तिथले जुने निवाडे आपल्या कोर्टांत अजून वाचून दाखवले जातात. ते बंधनकारक नाहीत, पण त्यांना वजन असतं. या कायद्याचं कलम १२ विक्रीतल्या वचनांचे दोन प्रकार करतं. ज्यावर करारच उभा आहे ती शर्त. ती मोडली तर माल नाकारता येतो. त्याच्या जोडीची दुय्यम गोष्ट ती हमी. ती मोडली तर माल ठेवून घ्यायचा आणि भरपाई मागायची. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

काही शर्ती पीओत (खरेदीच्या लेखी ऑर्डरीत) एक अक्षर न लिहिताही कायदा करारात घालून ठेवतो. वर्णन देऊन माल मागवला तर तो वर्णनाबरहुकूम आला पाहिजे, हे कलम १५. नमुना पास करून मागवला तर बाकीचा माल नमुन्यासारखा हवा, शिवाय नमुना नीट पाहूनही कळला नसता असा दोष त्यात नको, हे कलम १७. म्हणजे "सॅम्पल तुम्हीच अप्रूव्ह केलं होतं" हे फाउंड्रीचं आवडतं उत्तर आतल्या ब्लो होलपुढे टिकत नाही. आणि कलम १६ सांगतं की माल कशासाठी हवा हे विकणाऱ्याला कळवलं असेल, त्याच्या कसबावर विसंबून घेतलाय हे त्यातून दिसत असेल आणि तो त्याच्या नेहमीच्या धंद्यातला माल असेल, तर तो त्या कामाला योग्य असलाच पाहिजे. ब्रँडच्या नावाने मागवलेल्या मालाला मात्र ही सवलत नाही. अमुक कंपनीचं अमुक नंबरचं बेअरिंग द्या म्हटलं आणि ते आपल्या पंपाला पुरलं नाही, तर निवड आपली होती.

वर्णन किती कडक धरतात त्याचं टोकाचं उदाहरण १९३३ चं आहे. सिमेंटची पिंपं बनवण्यासाठी एका खरेदीदाराने लाकडी फळ्या मागवल्या, जाडी अर्धा इंच. आलेल्यांपैकी थोड्याच नेमक्या अर्ध्या इंचाच्या निघाल्या, बऱ्याच नऊ सोळांश इंचापर्यंत होत्या. पिंपं त्यांची छान झाली असती. अडचण वेगळीच होती, मधल्या काळात लाकडाचा भाव पडला होता. तरीही इंग्लंडचं तेव्हाचं सर्वोच्च कोर्ट असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने आर्कोस विरुद्ध रोनासेन या खटल्यात खरेदीदाराला सगळा माल नाकारू दिला. जाडीत सूट हवी होती तर ती करारात लिहून घ्यायची होती, असा त्याचा मथितार्थ. न्याय म्हणून मला हा निकाल फारसा पटत नाही, पण पीओ लिहिणाऱ्याने तो लक्षात ठेवावा असा आहे. आपल्याकडच्या ड्रॉइंगवर मापांना टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) असतो, धातूचा ग्रेडही असतो, एफजी २६०, आयएस २१०. पण गळतीबद्दल बहुधा "कास्टिंग दोषरहित असावं" एवढंच. किती दाबाला, किती मिनिटं, मशीनिंगच्या आधी की नंतर, हे लिहिलेलं नसतं. मग फाउंड्री म्हणते, आमच्याकडे टेस्टला पास होतं. आणि ती खोटंही बोलत नसते. जाड कातडीचं कच्चं कास्टिंग दाब सोसतं, कातडी उतरली की आतलं भोक उघडं पडतं.

आता पैशांचे ते तीन थर. यासाठी एक खटला जरा सविस्तर सांगतो, कारण कारखान्याला पुरवलेल्या खराब मालाची सगळी भानगड त्यात आहे.

१९०० साली इंग्लंडात मँचेस्टरच्या आसपास बिअर पिणारे लोक मोठ्या संख्येने आजारी पडू लागले. हातापायांना मुंग्या, चालता न येणं. सुरुवातीला डॉक्टरांनाही तो दारूचाच प्रताप वाटला. सहा हजारांवर लोकांना बाधा झाली आणि सत्तरच्या आसपास दगावले. शोध घेता घेता माग लागला तो आर्सेनिकचा. बिअरच्या कारखान्यांना जी साखर लागे, ती बनवताना सल्फ्युरिक ऍसिड वापरत, आणि त्या ऍसिडमध्ये आर्सेनिक होतं. साखर बनवणारी कंपनी बॉस्टॉक, ऍसिड देणारी निकल्सन. करार होता आर्सेनिकमुक्त ऍसिडचा. साखरवाल्यांनी दावा लावला आणि १९०४ मध्ये निकाल आला. ऍसिडवाल्यांनी करार मोडला यात शंकाच नव्हती. प्रश्न होता किती पैसे द्यायचे.

कोर्टाने ऍसिडची किंमत दिली. त्या ऍसिडमुळे जो दुसरा चांगला माल नासला त्याची किंमतही दिली. पण बिअरवाल्यांनी साखरवाल्यांकडून जी भरपाई मागितली होती ती दिली नाही, आणि धंद्याची पत गेली त्याचेही पैसे दिले नाहीत. कारण हे ऍसिड खाण्यापिण्याच्या वस्तूत जाणार आहे हे निकल्सनला कुणी सांगितलंच नव्हतं. ऍसिडला शंभर उपयोग असतात.

हे आपल्या पंपाच्या बॉडीवर ठेवून बघा. ऍसिडची किंमत म्हणजे कास्टिंगची किंमत. नासलेला दुसरा माल म्हणजे त्यावर ओतलेलं मशीनिंग. बिअरवाल्यांची भरपाई म्हणजे ग्राहकाने कापलेले दोन लाख. फाउंड्रीवाला ज्या दुसऱ्या थराला इतक्या ठामपणे नाही म्हणतो, तो थर एकोणिसशे चारमध्येच विकणाऱ्याच्या अंगावर पडलेला आहे. खरा अडतो तो तिसरा, आणि तो अडतो न सांगण्यामुळे. बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या केमिकल पट्ट्यात काम करणाऱ्यांना तर हा खटला आपल्याच शेजारचा वाटावा. तिथे एकाचा तयार माल हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि टँकर भरणाऱ्याला पुढे त्याचं रंगद्रव्य होणार की औषध, हे ठाऊक असतंच असं नाही.

आपल्या १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ याच विचारावर उभं आहे. करार मोडल्यावर जे नुकसान साहजिकच होतं ते मिळतं, आणि करार करताना दोन्ही बाजूंना ज्याची कल्पना होती तेही मिळतं. दूरचं, आडवाटेचं नुकसान मिळत नाही. कलमाखाली कायद्यानेच उदाहरणं दिली आहेत. त्यातल्या एकात 'अ' काही माल विशिष्ट दर्जाची हमी देऊन 'ब'ला विकतो, 'ब' त्या हमीवर विसंबून तशीच हमी देत 'क'ला विकतो, माल तसा निघत नाही, 'ब'ला 'क'चे पैसे भरावे लागतात, आणि ते त्याला 'अ'कडून वसूल करता येतात. "तशीच हमी" यावर बोट ठेवा. ग्राहकाला दहा किलो दाबाच्या हायड्रोची हमी दिली आणि फाउंड्रीच्या पीओत हायड्रोचा उल्लेखच नाही, तर साखळी तिथेच तुटली.

म्हणून पीओत दोन ओळी वाढवायच्या असतात. हे कास्टिंग अमुक तारखेला द्यायच्या पंपांसाठी आहे, उशीर झाल्यास आमच्यावर अमुक दराने दंड बसतो. आणि मशीनिंग किंवा हायड्रोनंतर सापडलेल्या आतल्या दोषाला नगाची किंमत व मशीनिंगचा खर्च दोन्ही पुरवठादाराकडे. फाउंड्री लगेच सही करेल असं नाही. भाव वाढवून मागेल, किंवा मशीनिंगचा खर्च अर्धा-अर्धा करू म्हणेल. तो सौदा आधी झालेला बरा. त्याच कलम ७३ चा शेवटचा भाग मात्र खरेदीदारालाही सोडत नाही. नुकसान आवरायचे जे मार्ग हातात होते तेही बघितले जातात. पहिल्या पाच बॉड्या गळल्यावर काम न थांबवता उरलेल्या सगळ्या मशीनवर चढवल्या, तर त्या पुढच्या मशीनिंगचा भार आपल्यालाच उचलावा लागू शकतो.

फाउंड्रीची बाजूही पोकळ नसते. "अख्ख्या लाइनीत कुणीच देत नाही" हे नुसतं टाळणं नाही, तो कायदेशीर मुद्दा आहे. कलम ६२ प्रमाणे स्पष्ट कराराने, आपसातल्या आजवरच्या व्यवहाराने किंवा दोघांनाही बांधणाऱ्या धंद्याच्या रिवाजाने कायद्याच्या अध्याहृत, म्हणजे न लिहिता धरलेल्या, शर्ती बाजूला सारता येतात. चार वर्षं तुम्ही फक्त नग बदलून घेतलेत, मशीनिंगची डेबिट नोट (पैसे कापून घेत असल्याची चिठ्ठी) कधी पाठवलीच नाहीत, तर पाचव्या वर्षी हा रिवाज तुमच्याच तोंडावर मारला जाईल. कोटेशनच्या तळाशी "जबाबदारी कास्टिंगच्या किमतीपुरती" अशी बारीक ओळ असेल आणि पीओत "तुमच्या कोटेशनच्या संदर्भाने" एवढंच लिहून ऑर्डर दिली असेल, तर ती ओळ करारात आली. उलट, माल निघाल्यावर आलेल्या बिलावर "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असं छापलेलं असलं तरी घाबरण्याचं कारण नाही. करार आधीच झालेला असतो, नंतरच्या छापील ओळीने तो एकतर्फी बदलत नाही. आणि दोष फाउंड्रीचाच असतो असंही नाही. पॅटर्न (ज्यावरून साचा करतात तो नमुना) तुमचा, भिंतीची जाडी तुमच्या ड्रॉइंगने ठरवलेली, आणि जाड-पातळ भाग जिथे एकदम भेटतात तिथेच पोकळी आली, तर कोर्ट आधी ड्रॉइंग मागेल.

बिलावरची "कोल्हापूर न्यायक्षेत्र" ही ओळ तेवढी हलकी घेऊ नये. या विषयातला गाजलेला निवाडा आपल्या शेजारच्या खेडा जिल्ह्यातला आहे. ए.बी.सी. लॅमिनार्ट या कंपनीने तमिळनाडूतल्या सेलमच्या एका फर्मला धातूचा चकाकता धागा पुरवला, करारात लिहिलं होतं की वाद कैरा (खेड्याचं जुनं इंग्रजी नाव) न्यायक्षेत्रात चालेल. १९८९ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, "फक्त" असा काही शब्द नाही, बाकी कलमांतूनही तसं दिसत नाही, म्हणून सेलमचं कोर्टही चालेल. पुढे २०१३ मध्ये स्वस्तिक गॅसेसच्या खटल्यात त्याच कोर्टाने सांगितलं की "फक्त" नसलं तरी हेतू कळतो. तेव्हा पीओत बडोदा आणि मान्य केलेल्या कोटेशनवर कोल्हापूर अशी स्थिती असेल, तर पहिलं वर्ष कोर्ट कुठलं यावरच जाऊ शकतं.

आता नंतरचं बोलणं, जिथे जास्त लोक बुडतात.

माल आला म्हणजे स्वीकारला असं होत नाही. कलम ४१ प्रमाणे तपासायची वाजवी संधी मिळेपर्यंत स्वीकार धरत नाहीत. पण कलम ४२ म्हणतं की खरेदीदाराने स्वीकारल्याचं कळवलं, किंवा मालाचा मालक असल्यासारखं त्याचं काही केलं, किंवा वाजवी काळ गप्प बसून माल ठेवून घेतला, तर स्वीकार झाला. आणि एकदा स्वीकार झाला की कलम १३ चं दुसरं पोटकलम लागू होतं: करार अविभाज्य असेल आणि मालाचा काही भाग जरी स्वीकारला असेल, तरी शर्त मोडल्याची तक्रार आता फक्त हमी मोडल्याची तक्रार म्हणून चालेल. माल परत नाही, भरपाई मागा. २०० नगांची एकच ऑर्डर, त्यातल्या १४० बॉड्यांचे पंप होऊन गेले, तर उरलेले ६० नग "नाकारले" म्हणून फाउंड्रीच्या गळ्यात घालण्याचा कायदेशीर हक्क डळमळीत होतो. मशीनिंग हे मालकासारखं वागणं की तपासणीचा भाग, यावर दोन्ही बाजूंचे वकील मनसोक्त बोलू शकतात. इंग्लंडने असा पेच १९६७ मध्ये कायदा दुरुस्त करून सोडवला, तपासणीच्या संधीला अग्रक्रम दिला. आपलं कलम ४२ तसंच आहे. पण कलम १३ मध्येच पळवाट आहे, करारात वेगळं ठरलं असेल तर ते चालतं. हायड्रोनंतरही नगवार नाकारता येईल, ही ओळ पीओत असली की हा सगळा वाद टळतो.

समोरची फाउंड्री सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर वर २००६ चा एमएसएमई कायदा येतो, आणि त्यातला पंधरा दिवसांचा नियम खरेदी खात्यात फार कमी जणांना माहीत असतो. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं मानलं जातं. मग पैसे ठरलेल्या तारखेला द्यायचे, आणि ठरलेली मुदत काहीही असली तरी ४५ दिवसांपलीकडे नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. २०२३ फेब्रुवारी ते २०२५ फेब्रुवारी बँक रेट ६.७५ टक्के होता, म्हणजे हे व्याज २०.२५ टक्के. बँकेकडून कारखान्याला मिळणाऱ्या कर्जाचा दर सहसा एवढा नसतो. १५ दिवसांत हरकत घेतली असेल, तर मात्र पुरवठादार ती दूर करेल तो दिवस स्वीकाराचा धरतात, घड्याळ तिथून चालू होतं. व्यापारी म्हणून नोंद असलेल्यांना, उदाहरणार्थ पोलादाच्या स्टॉकिस्टना, या तरतुदीचा फायदा नाही. फाउंड्रीला आहे.

हा नियम खरेदीदाराला जाचक वाटतो, पण तो आलाय त्यामागे कारण आहे. हातात पैसे नसले की तीन महिन्यांनी पेमेंटसाठी फोन आल्यावर अचानक "क्वालिटी प्रॉब्लेम" आठवणारे खरेदीदार प्रत्येक औद्योगिक वसाहतीत आहेत. खरी तक्रार करणाऱ्याला याचा त्रास होतो, कारण त्याचा माल दोन महिने स्टोअरमध्ये पडून मग मशीनवर चढतो. यावर उपाय सोपा आहे. माल आला की प्रत्येक हीट नंबरमधला (एका वेळी वितळवलेल्या धातूच्या क्रमांकातला) एक-दोन नग लगेच मशीनिंग करून हायड्रोला लावायचा, आणि काही आढळलं तर पूर्ण हीटबद्दल हरकत त्याच आठवड्यात लिहायची. पंधरा दिवस उलटून गेल्यावर दोष सापडला तर भरपाईचा हक्क संपत नाही. २०२१ मध्ये सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की फाउंड्रीने पैशांसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे याच कायद्याखाली थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या मंडळाकडे, अर्ज केला तर खरेदीदाराला तिथेच आपला उलट दावा मांडता येतो. फक्त कौन्सिल असते पुरवठादाराच्या गावाची. कोल्हापूरची फाउंड्री म्हणजे प्रकरण महाराष्ट्रात चालणार, आणि पुढे निवाडा विरुद्ध गेला तर त्याला आव्हान द्यायला रकमेचे ७५ टक्के आधी भरावे लागतात.

हरकत लेखी असण्याचा आणखी एक फायदा दिवाळखोरी कायद्यात आहे. बिल थकलं की काही पुरवठादार थेट एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, जाण्याची नोटीस पाठवतात; गुजरातच्या कंपन्यांसाठी त्याचं खंडपीठ अहमदाबादला. थकबाकी किमान एक कोटी हवी, ही मर्यादा मार्च २०२० मध्ये एक लाखावरून वाढवली. नोटिशीला दहा दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मोबिलॉक्स विरुद्ध किरुसा या २०१७ च्या निकालाने स्पष्ट केलं की नोटिशीच्या आधीपासून खरा वाद होता हे कागदावरून दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. वाद कोण जिंकेल हे तिथे बघत नाहीत, तो हवेतला नाही ना एवढंच बघतात. एक साधा जुना मेल, "हीट नंबर अमुक, २०० पैकी ६० गळले, फोटो जोडले आहेत", इथे वकिलाच्या भाषणापेक्षा जास्त काम करतो. पण तो नोटिशीच्या आधीचा हवा.

मेल लिहिताना सौजन्य आडवं येतं. "जरा बघा ना, थोडा प्रॉब्लेम आहे" ही हरकत नाही, ती गप्पा आहेत. बिल नंबर, चलन नंबर, हीट नंबर, किती नग, कुठल्या चाचणीत काय आढळलं, आणि माल नाकारतोय की ठेवून घेऊन भरपाई मागतोय, एवढं त्यात यायला हवं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. अर्धे लोक नाकारतो असंही लिहितात आणि त्याच आठवड्यात गरज पडली म्हणून त्यातले काही नग मेटल पुट्टी भरून वापरूनही टाकतात. व्हॉट्सऍपवर पाठवलं तर चालतं, पण कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून उभ्या राहिलेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते सक्तीचं ठरवलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आता त्याचे दोन भाग आहेत, एक तुमचा आणि एक तज्ज्ञाचा. फोन बदलताना चॅट उडाली तर प्रमाणपत्र कशाचं देणार?

नाकारलेला माल परत पोचवायची जबाबदारी खरेदीदारावर नसते. कलम ४३ प्रमाणे नाकारल्याचं कळवलं की पुरे. तरी तो लाल रंग मारून वेगळा ठेवायचा, आणि फाउंड्रीच्या माणसाला बोलावून दोघांच्या सहीने तपासणीची नोंद करायची. तो आला नाही तर बोलावल्याचं पत्रच पुरावा होतं. रिजेक्शनचा ढीग जागा अडवतो म्हणून भंगारात घालणं हा सगळ्यात महागडा साफसफाईचा प्रकार. नमुना कापून प्रयोगशाळेत द्यायचा तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची बघावी. माल ट्रान्सफॉर्मर-केबलच्या जातीचा असेल तर १९७४ पासूनची एर्डा ही विजेच्या सामानाची चाचणी करणारी संस्था मकरपुऱ्यातच आहे.

पैसे कापताना करखात्याचाही विचार करावा लागतो. कलम ५९ प्रमाणे दोषाची भरपाई किमतीतून वजा मागता येते, आणि आपली डेबिट नोट ही तीच मागणी आहे. पण ती फाउंड्रीने मान्य करेपर्यंत फक्त मागणीच राहते. जीएसटीतली खरी वजावट होते ती फाउंड्रीने क्रेडिट नोट (बिलातली रक्कम कमी केल्याची चिठ्ठी) काढल्यावर, आणि तिला आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरची मुदत आहे. भांडणात सगळंच बिल अडवून ठेवलं आणि बिलाच्या तारखेपासून १८० दिवस गेले, तर घेतलेलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावं लागतं, पैसे दिल्यावर ते पुन्हा मिळतं. म्हणून वादातली रक्कम तेवढी अडवून बाकीची देऊन टाकणं हे हिशेबालाही बरं आणि कोर्टात दिसायलाही बरं.

आणि दावा लावायचाच झाला तर? आपल्या उदाहरणात तीन थर मिळून ५,९०,००० होतात. २०१८ पासून तीन लाख किंवा त्यावरचे व्यापारी वाद कमर्शियल कोर्टाकडे जातात. पण तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल, तर दाव्याआधी मध्यस्थीला जावंच लागतं. पाटील ऑटोमेशनच्या २०२२ च्या निकालानंतर मध्यस्थी टाळून लावलेला दावा दारातूनच परत येतो. माझा कल पाहाल तर एवढ्या रकमेचे वाद तिथेच मिटावेत. मशीनिंगचे पैसे अर्धे-अर्धे, दंडाचा काही भाग पुढच्या ऑर्डरीतल्या सवलतीतून, असा तोडगा कोर्ट देऊ शकत नाही, दोन धंदेवाले देऊ शकतात. न मिटल्यास दाव्याची मुदत तीन वर्षं. ती दोष सापडल्यापासून नव्हे, माल हातात आला त्या दिवसापासून मोजायची असं धरून चालावं. "बघतो, करतो" अशा फोनांनी ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी आपण देणं लागतो हे फाउंड्रीने सहीनिशी लेखी कबूल केलं, तर त्या तारखेपासून नवी तीन वर्षं मिळतात, आणि सक्तीच्या मध्यस्थीत गेलेले दिवस मोजणीतून वगळले जातात.